पाठीला भुई

दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर वसुमतीला दिसलं ते एवढंच, की खिडकीजवळची लोखंडी कॉट रिकामी आहे आणि बाई खाली आहे. गादी नाही, चटई नाही, नुसत्या फरशीवर. उताणी. हात दोन्ही बाजूंना सरळ, डोळे अर्धवट मिटलेले, गालांची हाडं वर आलेली, केसांत गवताच्या काड्या. उशाशी तिची म्हातारी आई आणि पायाशी तिचा नवरा, दोघंही उकिडवी बसलेली आणि दोघंही गप्प. वसुमतीनं काही विचारलं नाही. विचारायचं काय असतं त्यात? पिशवी स्टुलावर ठेवली, कॉटवरून अर्धी लोंबणारी पांढरी चादर ओढून घेतली, वाकली, आणि सवयीच्या हातांनी ती पायांपासून वर नेत नेत बाईच्या तोंडावरून घातली. कडा नीट खोचल्या. मग म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "किती वाजता?" म्हातारीनं मान वर केली. "काय किती वाजता?" तेवढ्यात चादर तोंडापाशी आत ओढली गेली, बाहेर आली, परत आत ओढली गेली, आणि आतून बारीक आवाज आला, "पानी."

वसुमतीनं चादर खसकन बाजूला केली. बाईचे डोळे आता उघडे होते, खोल गेलेले पण उघडे, आणि ते वसुमतीकडे नव्हे, छताकडे बघत होते. "अगं बाई, चुकले मी," वसुमती म्हणाली, "चुकले हो, माफ करा," आणि चमच्यानं पाणी पाजायला लागली. निम्मं पाणी हनुवटीवरून ओघळलं. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हातारी वसुमतीच्या हाताकडे टक लावून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. कालपासून सगळे जे लपवत होते ते अखेर कोणीतरी सांगितलं, असा तो चेहरा होता. ती जावयाकडे वळून त्यांच्या बोलीत भरभर काहीतरी म्हणाली. वसुमतीला त्यातला एकच शब्द नीट समजला, तो म्हणजे घर.

ही माणसं काल संध्याकाळी आली होती. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची. रूपी, वय वीस-बावीस, गवत कापायच्या कामावर असताना तिला उलट्या नि जुलाब सुरू झाले. दीड दिवस अंगावर काढल्यावर तिचा नवरा धाकल्या आणि आई बुधीबाई यांनी तिला बांबूच्या झोळीतून सडकेपर्यंत आणली, आणि डहाणूला स्टेशनाकडे गवताच्या गठड्या घेऊन येणाऱ्या लॉरीवाल्यानं त्यांना गठड्यांवर बसवून दवाखान्याच्या दारात सोडलं. काल त्यांना व्हरांड्यात वसुमतीच सामोरी गेली होती. नळ कुठे, पेज कुठे शिजवायची, आत कोणी थांबायचं, बाटलीतलं पाणी सुईतून अंगात कसं जातं, हे सगळं तिनंच त्यांना आपल्या मोडक्यातोडक्या वारलीत समजावलं होतं. बुधीबाईनं शेवटी विचारलं होतं, "वाचंल?" तेव्हा वसुमती म्हणाली होती, "वाचवायला बघतायत. इथे तुम्हांला कोणी खोटं सांगणार नाही. मी तर नाहीच नाही." हे वाक्य ती सगळ्यांनाच म्हणायची आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

दवाखान्यात तिची जागा काय, हे कोणाला नेमकं सांगता आलं नसतं. ती नर्स नव्हती, आया नव्हती, पगारपत्रकावर तर नव्हतीच. सिस्टर सुनंदा तिला 'आमच्या बिनपगारी सासूबाई' म्हणायच्या, प्रेमानं आणि कधी कधी वैतागूनही. पेशंट आत आला की डॉक्टर-सिस्टरचे हात त्याच्यात गुंतायचे, आणि त्याच्याबरोबर आलेली माणसं व्हरांड्यात नुसती उभी राहायची, हातातल्या चपला, गाडगी, पोरं सांभाळत. त्या माणसांची वसुमती. बोर्डीचा शाळामास्तर असो की झाई गावची मच्छी विकणारी, आत काय चाललंय ते बाहेर येऊन सांगणारं एक तोंड त्यांना लागतं. सहा वर्षांपूर्वी, नवऱ्याचं तेरावं आटोपल्यावर, ती इथे पहिल्यांदा आली होती ती डॉ. चुरींना एक प्रश्न विचारायला. तो प्रश्न ओठांवर आला आणि तिथेच राहिला. ती बाकावर बसली. शेजारी झाईची एक बाई येऊन बसली, तिच्या नवऱ्याचा हात होडीत दोरांत सापडून चिरडला होता. त्या बाईनं ओळखदेख नसताना वसुमतीचं मनगट घट्ट धरलं ते दिवेलागणीपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी वसुमती त्या बाईला बघायला म्हणून आली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाला तरी बघायला. मग रोज आठाच्या ठोक्याला. प्रश्न मात्र तिनं डॉक्टरांना आजवर विचारला नव्हता.

"हे काय? पेशंट खाली कोणी घेतला?" सिस्टर सुनंदा दारातूनच कडाडल्या. रात्रपाळीच्या सिस्टर पहाटे बाळंतिणीकडे गेल्या होत्या, तेवढ्यात हे घडलं होतं. सुई निघालेली होती, बाटली अर्ध्यावर बंद, रबरी नळी स्टँडला लोंबत होती. सुनंदांनी वॉर्डबॉय विष्णूला हाक मारली, धाकल्याला हात लावायला लावला, आणखी एक झाडूवाला आला, आणि चौघांनी मिळून रूपीला उचलून कॉटवर ठेवली. उचलताना ती ओरडली नाही. तिच्यात ओरडायची ताकद उरलेली नव्हती. पण पाठ गादीला टेकल्याबरोबर तिनं दोन्ही हातांनी कॉटच्या सळ्या पकडल्या आणि बोटं पांढरी होईपर्यंत आवळल्या. डॉ. चुरी आले. त्यांनी एक हात सोडवून घेतला, शीर शोधली, सुई घातली, रूपीनं हात हिसकला, सुई निसटली. पुन्हा घातली. या खेपेला पाणी शिरेत न जाता कातडीखाली साठायला लागलं आणि हात टम्म फुगला. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. "शिरा आटल्यात," ते म्हणाले, "अंगात पाणीच नाही. दुपारपर्यंत चार बाटल्या आत गेल्या पाहिजेत. ही स्थिर राहिली तरच काही करता येईल." त्यांनी वसुमतीकडे बघितलं. सांगा हिच्या माणसांना, असा त्याचा अर्थ होता.

ती व्हरांड्यात आली तर माणसं निघायच्या तयारीत. धाकल्या झोळीचा बांबू आणत होता. बुधीबाई गाडग्यातली उरलेली पेज कुत्र्याला घालत होती. वसुमती आडवी आली. अक्षरशः आडवी, दोन्ही हात पसरून, खोलीच्या दारात. सेहेचाळीस वर्षांची, काडीसारखी बाई, तिला धाकल्यानं एका हातानं बाजूला केली असती. "नेऊ नका," ती म्हणाली. "नेलीत तर ती तलासरीपर्यंतसुद्धा पोचायची नाही. मी खरं सांगते." बुधीबाईनं गाडगं पालथं घातलं, हात पुसले. "खरं तू मघाशीच सांगतलं," ती म्हणाली. "तोंड कोनी झाकलं तिचं? तूच ना?" "मीच." "मंग? डाक्टर खोटं बोलंल, ती शिष्टर बोलंल. तू नाय बोलत. तुला कळलं म्हनून झाकलंस. आता वाटंत मेली त मेली. पन भुईवं मरंल, आपल्या मानसांत मरंल. सर बाजूला, बाय."

वसुमती सरली नाही. तिच्या मनात दहा उत्तरं आली आणि दहाही खोटी होती. चादर चुकून पडली. मी थंडी लागू नये म्हणून घातली. असलं काही सांगून वेळ मारून नेता आली असती, आणि सुनंदा असत्या तर त्यांनी मारून नेलीही असती. पण या म्हातारीच्या डोळ्यांसमोर ते जमेना. "ऐका," ती म्हणाली, "आमच्या घरांत रीत आहे. माणूस खाली निजतो, नाही असं नाही, पण अंथरुणावर. आजाऱ्याला उचलून उघड्या जमिनीवर ठेवतात ते एकदाच. तो जायला लागला की. खाली घेतला म्हणजे संपलं. म्हणून तुमची मुलगी खाली दिसली आणि मला वाटलं, गेली. तिच्याकडे मी नीट बघितलंच नाही. नाडी बघितली नाही, श्वास बघितला नाही. नुसती फरशी बघितली. चूक माझी आहे. मरण तिचं नाही." एवढं एका दमात बोलून तिला धाप लागली.

बुधीबाई जावयाला म्हणाली, "ऐकलंस? जिता मानूस भुईवं ठेवला म्हनून यांनी तोंड झाकलं." तिला हे इतकं अजब वाटलं होतं की क्षणभर ती पोरीचं दुखणंही विसरली. धाकल्या बांबूला टेकून म्हणाला, "बाय, ती वर राहातच नव्हती. ती खाट हाले. रातभर सळ्या धरून व्हती, म्हनं पडंल, पडंल. तेच्यात सुई निंगाली. मंग आमी खाली घेतली त गप निजली. मंग तू आलीस." "जलमली तवापासून भुईवं," बुधीबाई म्हणाली. "पाठीला भुई लागली नाय त जीव ठरंल कसा? आनि चार मानसांनी उचलून वर ठेवतात ते कोनाला, तुला म्हाईत नाय?" वसुमतीला माहीत होतं. पांढरी चादर, चार खांदे. सकाळपासून त्या म्हातारीनं दोनदा आपल्या पोरीला मेलेली बघितली होती. एकदा वसुमतीनं चादर घातली तेव्हा, आणि एकदा त्या चौघांनी तिला उचलून वर ठेवली तेव्हा.

वसुमती तशीच मागे फिरली आणि डॉक्टरांपुढे उभी राहिली. "तिला खाली ठेवून सुई लावा." सुनंदा म्हणाल्या, "काहीतरीच काय, वसुताई! फरशीवर सलाइन? उद्या ठाण्याहून साहेब आले तर सांगायचं काय? आणि इथे कोण कोण चालतं, काय काय सांडतं, जंतू काय विचारून येतात?" "फरशी मी धुते," वसुमती म्हणाली, "कार्बोलिकनं धुते, दोनदा धुते. चटईसुद्धा घालायची नाही, तिला जमीन लागली पाहिजे. साहेब आले तर माझं नाव सांगा, मला कुठून काढून टाकणार आहेत ते?" डॉ. चुरी रूपीच्या आवळलेल्या बोटांकडे बघत होते. त्यांनी घड्याळ बघितलं. साडेआठ होऊन गेले होते. "धुवा," ते म्हणाले. वसुमतीनं पदर खोचला, बादली आणली आणि गुडघ्यांवर बसून फरशी घासली. तिच्या घरात तिनं स्वतःची फरशी इतक्या त्वेषानं कधी घासली नव्हती. औषधाच्या उग्र वासानं डोळ्यांत पाणी आलं आणि खिडकीतून येणारा वाळत्या बोंबलांचा वास त्यात मिसळून गेला. पुसून झाल्यावर ती उठली. "विष्णू, खांद्याकडून धर."

विष्णू हलला नाही. चांगला दांडगा गडी, रोज कितीकांना उचलायचा. तो भिंतीला लागून म्हणाला, "बाई, वर ठेवायला सांगा, शंभरदा ठेवीन. खाली घ्यायला मला सांगू नका. माझ्या हातून ते नको." सुनंदाही दुसरीकडे बघू लागल्या. त्या खोलीत त्या घटकेला गावातली म्हणावी अशी चार माणसं होती, आणि चौघांनाही एकच गोष्ट माहीत होती आणि ती कोणी बोलत नव्हतं. बोलायचं वसुमतीलाच होतं. दोन साधे शब्द. तिनं हे शब्द ऐकले होते त्या वेळी ती स्वतःच्या घरात उभी होती. काशीनाथ, तिचा नवरा, रेल्वेत माल-बाबू, न्यूमोनियानं आठ दिवस कॉटवर पडलेला. पालघरहून तिचे मोठे दीर आले होते. त्यांनी नाडी बघितली, नखं बघितली, आणि म्हणाले, "खाली घ्या." तिनं प्रश्न केला नाही. घरातल्या मोठ्या माणसाला त्या वेळी कोण प्रश्न करतं? शेजारची बाई शेणानं जमीन सारवून गेली होती, ती अजून ओली होती. भावजींनी खांदे धरले, तिनं पाय धरले. पाय गरम होते. हे तिला तेव्हाच कळलं होतं, मागाहून नाही. तापानं कढत पाय तिच्या तळव्यांत होते आणि तिनं ते ओल्या जमिनीवर नेऊन ठेवले. दर्भ, तुळशीचं पान, गंगाजळ, सगळं झालं. आणि मग काशीनाथनं डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "गार लागतंय गं." भावजी म्हणाले, "वात झालाय." एकदा खाली घेतलेल्या माणसाला परत वर ठेवत नाहीत. वसुमतीला बायकांनी स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. तिच्या मांडीवर घोंगडी होती, तीच त्याच्या कॉटवरची. मधल्या भिंतीतून तिला आणखी दोनदा ऐकू आलं, गार लागतंय. ती घोंगडी घेऊन उठली नाही. तो उजाडता उजाडता गेला. खाली घेतल्यावर नऊ तासांनी. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तो होता: त्या नऊ तासांत तो जमिनीवर नसता तर? आणि तिला तिच्या स्वतःच्या मनात उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच ती विचारत नव्हती.

"खाली घ्या," वसुमती म्हणाली. आवाज मोठा निघाला, बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला. विष्णू जागचा हलला नाही तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. धाकल्या, तू ये. तू खांदे धर, पाय मी धरते." बुधीबाईनं पोरीची बोटं एकेक करून सळ्यांवरून सोडवली. वसुमतीनं पाय उचलले. हे पाय थंडगार होते, टाचांना भेगा, भेगांत तलासरीची माती. तिनं दात आवळले, पाय छातीशी धरले आणि गुडघे वाकवत वाकवत, एखादं भरलेलं भांडं ठेवावं तशी रूपीला फरशीवर ठेवली.

पाठ टेकली तशी रूपीनं एक लांब श्वास सोडला. तिचे तळहात उघडले, जमिनीवरून किंचित फिरले, चाचपत, आणि मग तिथेच पसरून राहिले. मान सैल पडली. वसुमतीनं ताबडतोब वाकून नाकापाशी बोट धरलं. श्वास होता. आज दुसऱ्यांदा ती नुसत्या जमिनीवर विश्वास ठेवणार नव्हती. डॉ. चुरींनी पँट वर ओढून घेतली, गुडघे टेकले आणि घोट्याजवळ शीर शोधायला सुरुवात केली. बराच वेळ गेला. मग नळीत रक्ताचा बारीक धागा दिसला आणि डॉक्टरांनी श्वास सोडला. बाटली कॉटच्याच सळीला टांगली, रिकाम्या कॉटचा तेवढा उपयोग झाला. "हा पाय हलता कामा नये," ते म्हणाले. "मी धरते," वसुमती म्हणाली. "तीन-चार तास?" "धरते." डॉक्टर उठता उठता सांगून गेले, की नुसतं पाणी आत जाऊन भागत नाही, काल दुपारपासून हिला लघवी झालेली नाही. ती झाली तर मूत्रपिंडं शाबूत आहेत असं समजायचं. नाही झाली, तर मग माझ्या हातात फारसं काही नाही. वसुमतीनं हे सगळं जसंच्या तसं बुधीबाईला सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा. बुधीबाईनं मान हलवली आणि धाकल्याला बांबू बाहेर भिंतीला लावून ठेवायला सांगितलं.

पहिली बाटली दहाला संपली. वसुमती पाय दुमडून फरशीवर बसली होती, रूपीचा घोटा तिच्या दोन्ही हातांत, आणि हळूहळू तिच्या स्वतःच्या मांड्या बधिर होत चालल्या होत्या. सुनंदांनी पाट आणला, तो तिनं नको म्हटला. पाटावर बसलं की हात उंच होतो, पाय हलतो. बाहेर नरपडकडून एक बैलगाडी आली, पोरगा झाडावरून पडलेला. त्याची आई व्हरांड्यात आक्रोश करत होती आणि वसुमतीला इथून उठता येत नव्हतं. तिनं बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "बाई, पोर बोलतंय ना? बोलणारं पोर बरं होतं. नळ डावीकडे आहे, तोंड धुवा, मग आत या." विष्णू त्या बाईला पाणी द्यायला गेला. तो खोलीतून येता-जाता खाली बघत नव्हता, पण येताना दर वेळी बाटली किती उरली ते सांगत होता. दुसरी बाटली लागली. ऊन खिडकीतून उतरून रूपीच्या केसांपर्यंत आलं. बुधीबाई त्यातल्या गवताच्या काड्या एकेक काढून मुठीत ठेवत होती.

"बुधीबाई," वसुमती एकदम म्हणाली, "मी माझ्या नवऱ्याला खाली घेतलं. तो मेला नव्हता." हे वाक्य असं बाहेर येईल हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांना नाही, बहिणीला नाही, देवापुढेही नाही, आणि आता तलासरीच्या एका म्हातारीला. तिनं सगळं सांगितलं, ओली जमीन, गरम पाय, घोंगडी. बुधीबाईनं मधे एकदाही च्च च्च केलं नाही. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग तू बसली व्हतीस त्याच्यासंगं? खाली?" "नाही," वसुमती म्हणाली. "मी आतल्या खोलीत होते." "नऊ तास?" "नऊ तास." बुधीबाईनं काडी काढली, मुठीत घातली. वसुमती वाट बघत राहिली. या म्हातारीनं आता काहीतरी म्हणावं, तुझा काय दोष, नशीब त्याचं, असं काहीही, जे लोक म्हणतात. सहा वर्षं वसुमतीनं ते दुसऱ्यांना म्हटलं होतं आणि स्वतःला कोणी म्हणू दिलं नव्हतं. बुधीबाई रूपीच्या पायाकडे बघून म्हणाली, "मंग आता बस." तिच्या आवाजात दया नव्हती, रागही नव्हता. वसुमती हमसून रडली, पण हात घोट्यावरून काढले नाहीत, आणि डोळे पुसायला बुधीबाईनंच आपल्या फडक्याचं टोक पुढे केलं.

तिसरी बाटली साडेबाराला लागली. डॉक्टर येऊन पोट दाबून बघून गेले. लघवी अजून नव्हतीच. सुनंदांनी जाता जाता वसुमतीच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचा अर्थ तिला कळला आणि तो तिनं मान्य केला नाही. रूपीचा पाय मघापेक्षा गरम लागत होता की आपलेच हात थंड पडले होते? नाडी लागत होती की ती आपल्याच बोटांतली? वसुमती मोजत राहिली, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. स्टेशनात गुजरातकडची गाडी येऊन गेली. काशीनाथ असता तर वेळेवर आली की नाही ते त्यानं घड्याळ न बघता सांगितलं असतं. तिला त्याची आठवण आली ती आज पहिल्यांदा कॉटशिवाय आणि जमिनीशिवाय आली, मालाच्या पावत्यांवर वाकलेला, कानावर पेन्सिल. ती आठवण फार वेळ टिकली नाही. तिला मांडीखाली काहीतरी ऊबदार लागलं.

आधी तिला वाटलं नळी सुटली. तिनं दचकून वर बघितलं, बाटलीत थेंब नेमानं पडत होते. सुई जागेवर होती. मग तिनं खाली बघितलं. स्वच्छ घासलेल्या फरशीवरून एक ओघळ तिच्या नऊवारी लुगड्याखाली येत होता, पिवळा, ऊबदार, आणि मोठा होत होता. तिच्या लुगड्याचा काठ, निऱ्या, सगळं भिजत चाललं होतं. वसुमतीनं तोंड उघडलं आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती अशी ओरडली. "सिस्टर! डॉक्टर! झाली! लघवी झाली! भरपूर झाली हो!" नरपडच्या पोराची आई दारात येऊन बघायला लागली. धाकल्या घाबरून आत धावला. बुधीबाई ओशाळून फडक्यानं ओघळ अडवायला लागली, पोरीनं बाईचं लुगडं घाण केलं म्हणून, तर वसुमतीनं तिचा हात धरला, "राहू दे, राहू दे, अडवू नकोस!" आणि रडतच मोठ्यानं हसायला लागली. रूपीनं त्या गोंधळानं डोळे उघडले, सगळ्या तोंडांकडे बघितलं आणि आईला क्षीण आवाजात काहीतरी विचारलं. बहुधा ही बाई का हसते, असं विचारलं असावं.

डॉ. चुरी आले, बघितलं, आणि विष्णूला आणखी बाटली आणायची खूण केली. सुनंदा नाकाला पदर लावून म्हणाल्या, "वसुताई, उठा आता. मी धरते पाय. तुम्ही आधी घरी जा, अंघोळ करा, लुगडं बदला."

"बदलीन," वसुमती म्हणाली. ती फरशीवर आणखी जरा नीट सरकून बसली, ओल्यातच, आणि घोट्यावरची पकड तिनं बदलून घेतली. "चौथी संपू दे."